वेबसाइटवरचा नकाशा मोबाइलवर नीट बसवायचा कसा? नवख्यांसाठी पायरीवार माहिती

ट्रेकिंग ग्रुपची साइट असो, गावच्या वाचनालयाची असो की कोकणातल्या एखाद्या होमस्टेची, खाली कुठेतरी एक नकाशा डकवलेला असतोच. लॅपटॉपवर तो झकास दिसतो, कारण ज्याने लावला त्याने तो लॅपटॉपवरच पाहिलेला असतो. मोबाइलवर उघडला की खरी गंमत. कधी नकाशा उजवीकडे पानाबाहेर पळालेला असतो, कधी राखाडी चौकटीच्या एका कोपऱ्यात चार तुकडे दिसतात, आणि कधी तर नकाशाच गायब. साइट बघणारे बहुतेक जण मोबाइलवरच येतात, त्यामुळे हे निस्तरण्यात वेळ घालवणं परवडतं.

ज्यांना थोडंफार एचटीएमएल कळतं, सीएसएस बघून बघून जमतं आणि ग्रुपमध्ये 'तू कम्प्युटरवाला ना, मग तूच कर' म्हणत ज्यांच्या गळ्यात साइटचं काम घातलं गेलंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच धरू: जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेले मराठ्यांचे बारा किल्ले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. नकाशात बसवायला ही यादी मोठी अवघड आहे, म्हणूनच शिकायला चांगली.

एक सूचना आधीच देतो. गुणधर्मांची आणि फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलीत ती, आणि आकडेही, नेहमीच्या रोमन लिपीतच टाकायचे.

लागणारं सामान

- साइटच्या सीएसएसमध्ये बदल करायची मुभा. वर्डप्रेस असेल तर 'अ‍ॅडिशनल सीएसएस'ची जागा चालते.
- पानावर कच्चं एचटीएमएल टाकायची सोय. काही सेवा आयफ्रेम (पानात दुसरं पान दाखवणारी चौकट) किंवा स्क्रिप्ट गुपचूप काढून टाकतात. सेव्ह केल्यावर पान पुन्हा उघडून कोड जागेवर आहे ना ते बघा.
- डेव्हलपर टूल्स असलेला ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स, काहीही.
- एक खराखुरा मोबाइल. शक्यतो स्वस्तातला, लहान स्क्रीनचा.
- दाखवायच्या ठिकाणांचे अक्षांश-रेखांश.
- पानाच्या डोक्यात व्ह्यूपोर्टची मेटा ओळ: विड्थ म्हणजे डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल १. बऱ्याच थीममध्ये ती असते. नसेल तर मोबाइल तुमचं पान मोठ्या पडद्याचं समजून आक्रसून दाखवेल आणि पुढची सगळी मेहनत पाण्यात जाईल.

## १. आधी मजकुराचा आकार बघा

बहुतेक जण सुरुवात चौकटीपासून करतात: 'सोळास नऊ ठेवू, व्हिडिओसारखं.' नकाशाला हे लागू पडत नाही. जे दाखवायचंय ते उभं आहे की आडवं, हे आधी बघायचं. अख्खा महाराष्ट्र थोडा आडवा आहे, साधारण सहास पाच. गोवा उभा आहे, चारास तीन उंच. कोकण किनारपट्टी तर काठीसारखी.

आपल्या बारा किल्ल्यांचं काय? उत्तरेला साल्हेर साधारण २०.७२ अक्षांशावर, दक्षिणेला जिंजी १२.२५ वर. पश्चिमेला खांदेरी ७२.८१ रेखांशावर, पूर्वेला पुन्हा जिंजी ७९.४२ वर. म्हणजे चौकट उभी हवी.

आता थोडं गणित, पण ते कामाचं आहे. वेबवरचे बहुतेक साधे नकाशे २५६ पिक्सेलच्या चौकोनी टाइल जोडून बनतात. झूम ० ला सगळी पृथ्वी एका टाइलमध्ये बसते आणि पुढच्या प्रत्येक पातळीला रुंदी दुप्पट होते. झूम ६ ला रेखांशाचा एक अंश साडेपंचेचाळीस पिक्सेलचा होतो. त्या हिशोबाने बारा किल्ल्यांना झूम ६ वर सुमारे ३०० पिक्सेल रुंदी आणि ४०० पिक्सेल उंची लागते.

हेच तुम्ही ३६० पिक्सेल रुंद मोबाइलवर सोळास नऊच्या चौकटीत कोंबलंत, तर उंची मिळते जेमतेम २०२. पिनांसाठी वर-खाली थोडी जागा सोडली की नकाशा झूम ४ वर जातो. तिथे साल्हेर ते सिंधुदुर्ग हा अख्खा पट्टा उरतो ५६ पिक्सेल उंच आणि १५ पिक्सेल रुंद. लीफलेट या नकाशाच्या लायब्ररीची (तिच्याबद्दल तिसऱ्या पायरीत) नेहमीची निळी पिन एकटीच २५ बाय ४१ पिक्सेलची असते. अकरा किल्ले एकावर एक चढून पश्चिम किनाऱ्यावर एक निळा ढीग दिसतो, आणि लांब खाली जिंजीची एकटी पिन. कुठलंही सीएसएस हा नकाशा वाचवू शकत नाही.

माझं मत विचाराल तर अशा वेळी नकाशे दोन करावेत. अकरा किल्ल्यांचा मुख्य उभा नकाशा, आणि जिंजीसाठी शेजारी एक छोटं स्थिर चित्र, आपल्या शाळेच्या नकाशावह्यांत अंदमान-निकोबार वेगळ्या चौकोनात असायचे तसं. जिंजी गाळू मात्र नका. राजाराम महाराजांनी वेढ्यात राहून जिथून राज्य चालवलं तो गड केवळ चौकटीत बसत नाही म्हणून वगळला, असं कुणी म्हणायला नको.

## २. तयार आयफ्रेम वापरत असाल तर

कोड लिहायचाच नसेल तर गूगल मॅप्समधून 'शेअर' आणि मग 'एम्बेड अ मॅप' करून आयफ्रेम मिळते. मधल्या आकाराची निवडली तर तिच्यात रुंदी ६०० आणि उंची ४५० ठोकून लिहिलेली असते. गूगलच्या माय मॅप्समध्ये हे आकडे ६४० आणि ४८० असतात. ट्रेकवाल्या मंडळींचे नकाशे बहुधा याच माय मॅप्सवर असतात.

करायचं ते एवढंच:

१. आयफ्रेममधले रुंदी-उंचीचे दोन्ही आकडे काढून टाका.
२. आयफ्रेमला एक क्लास द्या, समजा 'नकाशा'.
३. सीएसएसमध्ये त्या क्लासला विड्थ १००%, हाइट ऑटो, आस्पेक्ट-रेशो ३ / ४, बॉर्डर ० आणि डिस्प्ले ब्लॉक लिहा.

यातलं आस्पेक्ट-रेशो महत्त्वाचं. ते विसरलात तर आयफ्रेम स्वतःच्या मूळ उंचीवर येते, आणि ती असते १५० पिक्सेल. 'रुंदी बरोबर आहे पण नकाशा पट्टीसारखा दिसतोय' अशी तक्रार आली की नव्वद टक्के वेळा हेच कारण असतं.

जुन्या लेखांत तुम्हाला वेगळीच युक्ती सापडेल: बाहेर एक डिव्ह, त्याला हाइट ०, खाली ७५% पॅडिंग आणि आत आयफ्रेम अ‍ॅब्सोल्यूट. टक्क्यातलं पॅडिंग रुंदीवरून मोजलं जातं, या नियमावर ती उभी आहे आणि अजूनही चालते. पण २०२१ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिघांनीही आस्पेक्ट-रेशो घेतलं. नवीन पानासाठी तो जुना खटाटोप करू नका.

आयफ्रेमचा सापळा वेगळाच आहे. माय मॅप्सचा नकाशा सार्वजनिक केलेला नसेल तर तो तुम्हाला दिसतो, कारण तुम्ही लॉग-इन असता. बाकीच्यांना परवानगी मागणारा पडदा दिसतो. इन्कॉग्निटो खिडकीत उघडून बघितल्याशिवाय लिंक ग्रुपवर टाकू नका.

आयफ्रेमच्या आतल्या नकाशावर तुमचा ताबा नसतो. चौकट लहान झाली म्हणून आतली झूम पातळी तुमच्या मनासारखी बदलेल, असं नाही. ओपनस्ट्रीटमॅपची आयफ्रेम यात थोडी उजवी, कारण तिच्या पत्त्यातच प्रदेशाच्या चार कडांचे अंक असतात आणि ती तेवढा भाग दाखवायचा प्रयत्न करते. दुकानाचा पत्ता, शाळा, कार्यालय, एकच पिन असेल तर आयफ्रेम पुरे. इथेच थांबा, पुढचं वाचायची गरज नाही. किल्ले अकरा असतील तर मात्र चला.

## ३. लीफलेट लावा, आणि उंचीचा घोळ समजून घ्या

लीफलेट ही फुकट आणि हलकी जावास्क्रिप्ट लायब्ररी आहे. युक्रेनच्या व्होलोदिमिर अगाफोंकिन यांनी २०११ मध्ये ती आणली. पुढचं सगळं १.९.४ आवृत्ती धरून लिहिलंय. मॅपलिब्रे किंवा ओपनलेयर्स यांसारखी दुसरी लायब्ररी वापरत असाल तरी तर्क तोच, फक्त फंक्शनांची नावं बदलतात.

पानावर तीन गोष्टी लागतात: लीफलेटची सीएसएस फाइल, तिची जावास्क्रिप्ट फाइल, आणि नकाशासाठी एक रिकामा डिव्ह. सीएसएस फाइल राहिली तर टाइल पानभर विखुरतात. असं दिसलं की दुसरीकडे शोधाशोध न करता आधी ती ओळ तपासा.

आता तो घोळ. नवशिका डिव्हला हाइट १००% देतो आणि नकाशा दिसतच नाही. एरर नाही, इशारा नाही, काही नाही. कारण असं की टक्क्यातली उंची आई-डिव्हच्या उंचीवरून मोजली जाते. आई-डिव्हला ठरावीक उंची नसेल तर ती आतल्या मजकुराएवढी होते. आत मजकूर म्हणून फक्त आपला रिकामा डिव्ह. तो म्हणतो 'आई जेवढी तेवढा मी', आई म्हणते 'लेकरू जेवढं तेवढी मी', आणि दोघं शून्यावर येऊन बसतात. लीफलेट नकाशा बनवतं, पण शून्य पिक्सेल उंचीत.

ओळखायचं कसं? डिव्हवर उजवी क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडा आणि डिव्हच्या नावावर माउस न्या. ब्राउझर लगेच माप दाखवतो. '७२० × ०' असं काही दिसलं की निदान पक्कं.

एचटीएमएल, बॉडी आणि मधल्या प्रत्येक डिव्हला हाइट १००% देत वर चढत जाणं हा एक उपाय लोक सुचवतात. अख्खा पडदा व्यापणाऱ्या नकाशासाठी तो ठीक आहे. लेखाच्या मध्ये बसणाऱ्या नकाशासाठी करू नका. उद्या थीम बदलली, मधे एक डिव्ह वाढला, की साखळी तुटली.

## ४. रुंदीला टक्का, उंचीला प्रमाण, वर-खाली लगाम

नकाशाच्या डिव्हला हे चार गुणधर्म द्या:

- विड्थ: १००%
- आस्पेक्ट-रेशो: २ / ३
- मिन-हाइट: ३२० पिक्सेल
- मॅक्स-हाइट: ७५ एसव्हीएच

आस्पेक्ट-रेशो दिलं की उंची रुंदीवरून निघते, आई-डिव्हवर अवलंबून राहत नाही. तिसऱ्या पायरीतला सगळा घोळ इथे मिटतो.

मॅक्स-हाइट लागल्यावर प्रमाण बिघडेल अशी भीती वाटते. बिघडू द्या. फोटोची चौकट बदलली तर फोटो ताणला तरी जातो नाहीतर कापला तरी जातो. नकाशाचं तसं नाही, चौकट बुटकी झाली की तो फक्त थोडा कमी प्रदेश दाखवतो. रायगड काही चपटा होत नाही.

एसव्हीएच का, व्हीएच का नाही? मोबाइलवर पत्त्याची पट्टी कधी दिसते, कधी लपते. साधं व्हीएच (एक व्हीएच म्हणजे पडद्याच्या उंचीचा एक टक्का) पट्टी लपलेली धरून मोजलं जातं, त्यामुळे पान उघडताना नकाशाची खालची कड बाहेर राहू शकते. एसव्हीएच पट्टी दिसत असताना उरणाऱ्या लहान पडद्यावरून मोजलं जातं. तिसरं एकक आहे डीव्हीएच. ते पट्टीबरोबर सतत बदलतं, म्हणजे तुम्ही स्क्रोल कराल तसा नकाशा आकार बदलत राहील. लेखातल्या नकाशाला ते नकोच. फार जुन्या फोनसाठी आधी एक ओळ व्हीएचची आणि तिच्याखाली एसव्हीएचची लिहा. ज्याला दुसरी कळत नाही तो पहिली घेईल.

डेस्कटॉपचं काय? ७२० पिक्सेल रुंद स्तंभात २ / ३ प्रमाणाने उंची हजाराच्या पुढे जाते आणि मॅक्स-हाइटने कापली जाते. मग अकरा किल्ल्यांची उभी काठी मधोमध, डावीकडे अरबी समुद्र, उजवीकडे रिकामं पठार. त्यापेक्षा मोठ्या पडद्यावर दोन भाग करा: डावीकडे चारशे पिक्सेल रुंद नकाशा, उजवीकडे किल्ल्यांची यादी. या नकाशाला ४०० बाय ५६० अशी जागा मिळाली तर झूम ७ वर अकराच्या अकरा किल्ले बसतात, कारण तिथे साल्हेर ते सिंधुदुर्ग अंतर ४५० पिक्सेलच्या आत राहतं.

हे दोन भाग फ्लेक्सने करत असाल तर दोन्ही पोरांना मिन-विड्थ ० द्यायला विसरू नका. नाहीतर यादीतलं एखादं लांबलचक नाव किंवा रुंद तक्ता आपली जागा सोडत नाही आणि नकाशा चिरडला जातो. ग्रिड असेल तर स्तंभाची रुंदी मिनमॅक्समध्ये ० पासून सुरू करा.

मोठा पडदा की छोटा, हे मीडिया क्वेरीने ठरवण्याची सवय सगळ्यांनाच असते. पण तुमचा नकाशा मोठ्या पडद्यावरच्या ३०० पिक्सेलच्या साइडबारमध्येही लागू शकतो. तिथे पडदा मोठा, जागा मात्र मोबाइलएवढी. अशा वेळी कंटेनर क्वेरी वापरा: बाहेरच्या डिव्हला कंटेनर-टाइप इनलाइन-साइझ द्या आणि त्याच्या रुंदीवरून आतली मांडणी ठरवा. ज्या डिव्हला कंटेनर केलंत त्याच डिव्हवर तिचा नियम चालत नाही, नियम त्याच्या आतल्या गोष्टींना लागतो. म्हणून नकाशाभोवती एक डिव्ह जादा ठेवावा लागतो.

## ५. चौकट बदलली हे नकाशाला सांगा

सीएसएसने चौकट मोठी केली तरी लीफलेटला ते आपोआप कळतंच असं नाही. ब्राउझरच्या खिडकीचा आकार बदलला की ते स्वतः जागं होतं. पण टॅब उघडला, अ‍ॅकॉर्डियन पसरला, साइडबार मिटला, तर खिडकी तेवढीच राहते आणि लीफलेट जुन्या मापावर बसून राहतं. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली राखाडी चौकट आणि कोपऱ्यातल्या चार टाइल, ते प्रकरण हेच.

उपाय आहे इनव्हॅलिडेटसाइझ हे फंक्शन. नकाशाला ते म्हणतं, 'तुझं माप पुन्हा घे.' मॅपलिब्रेमध्ये याला रिसाइझ म्हणतात, ओपनलेयर्समध्ये अपडेटसाइझ.

इंटरनेटवर जागोजागी सल्ला मिळतो की सेटटाइमआउट लावून अर्ध्या सेकंदाने इनव्हॅलिडेटसाइझ बोलवा. तुमच्या लॅपटॉपवर ते चालेलही. स्वस्त फोनवर, गावाकडच्या नेटवर, अर्ध्या सेकंदात पान उघडलेलंच नसतं. त्यापेक्षा रिसाइझऑब्झर्व्हर वापरा. गेली काही वर्षं तो सगळ्या ब्राउझरांत आहे. त्याला नकाशाच्या डिव्हवर नजर ठेवायला सांगायचं आणि माप बदललं की हे करायचं:

१. नवी रुंदी किंवा उंची शून्य असेल तर काहीही न करता परत फिरा. टॅब मिटलेला आहे.
२. शून्य नसेल तर इनव्हॅलिडेटसाइझ बोलवा.
३. रुंदी आधीपेक्षा बदलली असेल तरच सगळे किल्ले पुन्हा चौकटीत बसवा.
४. नवी रुंदी लक्षात ठेवा.

पहिली अट गाळू नका. मिटलेल्या टॅबमध्ये शून्य मापावर प्रदेश बसवायचा प्रयत्न झाला की भलतीच झूम पातळी निघते आणि टॅब उघडल्यावर पूर्ण पृथ्वी नाहीतर एखादी गल्ली दिसते.

तिसरी अट वाचणाऱ्याच्या सोयीची. समजा कुणी बोटाने नकाशा सरकवून सुवर्णदुर्गाजवळ हर्णैचं बंदर बघतोय. तेवढ्यात काही कारणाने उंची दहा पिक्सेलने बदलली आणि तुमच्या कोडने त्याला उचलून पुन्हा अख्ख्या महाराष्ट्रावर आणून सोडलं, तर तो चिडून पान बंद करेल. फोन आडवा केला की मात्र रुंदी बदलते, आणि तिथे नव्याने बसवणंच योग्य.

पान उघडताच रिसाइझऑब्झर्व्हर एकदा आपणहून हाक देतो. त्यामुळे सुरुवातीची मांडणीही याच कोडमधून होते, वेगळी ओळ लागत नाही.

## ६. सगळे किल्ले चौकटीत बसवा

मध्यबिंदू आणि झूम पातळी ठोकून लिहू नका. चारशे पिक्सेलला शोभणारा झूम तीनशेला शोभत नाही. किल्ल्यांच्या अक्षांश-रेखांशांवरून सीमा काढा आणि फिटबाउंड्सला द्या.

दोन बारकावे आहेत. पहिला, पिनेचं टोक जागेवर असतं पण तिचं अंग वर असतं, ४१ पिक्सेल. म्हणून वरच्या बाजूला जास्त जागा सोडायची. पॅडिंगटॉपलेफ्टमध्ये २० आणि ४५, पॅडिंगबॉटमराइटमध्ये २० आणि २० द्या. नाहीतर साल्हेरची पिन डोकं कापलेली दिसते. महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, आणि नेमकं त्याचंच डोकं.

दुसरा, झूमस्नॅप. लीफलेट मुळात पूर्णांकी झूमवरच थांबतं. मोबाइलवर पानाचे समास वजा जाता ३२८ पिक्सेल रुंदी मिळाली, तर २ / ३ ने उंची ४९२. वरची-खालची जागा सोडून ४२७ उरतात. झूम ७ ला ४४९ हवेत, थोडक्यात हुकतं. मग लीफलेट झूम ६ वर उतरतं आणि किल्ले २२४ पिक्सेलमध्ये आकसतात, निम्मी चौकट वाया जाते. झूमस्नॅप ०.२५ केलंत की ते ६.७५ वर थांबतं आणि पट्टा ३७७ पिक्सेल होतो. किंमत एकच: मधल्या पातळ्यांवर टाइल ताणल्या-आक्रसल्या जातात, त्यामुळे गावांची नावं किंचित धूसर दिसतात. माझ्या मते सौदा फायद्याचा आहे.

एवढं करूनही लोहगड, रायगड, राजगड आणि प्रतापगड यांच्या पिना एकमेकींवर चढतातच. चौकट वाढवून हे सुटत नाही. नेहमीच्या पिना काढून पाच-सहा पिक्सेल त्रिज्येचे रंगीत ठिपके लावा, म्हणजे सर्कलमार्कर. ठिपके लहान असल्याने बोट नेमकं पडत नाही, म्हणून खालच्या यादीतलं नाव दाबल्यावर तो किल्ला नकाशावर उघडेल अशी सोय ठेवा.

झूम कमी करायलाही मर्यादा घाला. मिनझूम ५.५ आणि मॅक्सबाउंड्समध्ये महाराष्ट्राभोवतीचा पट्टा दिलात तर कुणी जग धुंडाळत बसणार नाही. याचा आणखी एक फायदा आहे. परदेशी टाइलवर देशाची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे असेलच असं नाही, आणि संस्थेच्या साइटवर चुकीची सीमा दिसली की त्रास होतो. किल्ल्यांच्या नकाशात काश्मीरपर्यंत जायचं कारणही नाही.

## ७. अंगठ्याला वाट ठेवा

मोबाइलवर पान खाली सरकवताना अंगठा नकाशावर पडला तर पान थांबतं आणि नकाशा सरकतो. नकाशाने सगळा पडदा व्यापला असेल तर माणूस तिथेच अडकतो. ७५ एसव्हीएचचा लगाम लावला तो यासाठीसुद्धा. दोन्ही कडांना सोळा-सोळा पिक्सेल समास राहू द्या.

लीफलेटमध्ये मोबाइलवर ड्रॅगिंग बंद ठेवता येतं. मग एका बोटाने पान सरकतं, आणि नकाशाशी खेळायचं असेल त्याला 'नकाशा मोठा करा' असं बटण द्यायचं. मॅपलिब्रेमध्ये कोऑपरेटिव्हजेस्चर्स नावाची सोय आहे, तिने दोन बोटांशिवाय नकाशा हलत नाही. डेस्कटॉपवर स्क्रोलव्हीलझूम बंद करा.

## ८. बारीकसारीक सापळे

श्रेय लपवू नका. ओपनस्ट्रीटमॅपच्या टाइल वापरल्या की कोपऱ्यात त्यांच्या योगदानकर्त्यांचं श्रेय दिसलंच पाहिजे. अरुंद नकाशात ती ओळ दोन ओळींची होते आणि खालचे ठिपके झाकते. अक्षर थोडं लहान करा, तळाची पॅडिंग वाढवा, पण ओळ काढू नका. त्यांच्या फुकट टाइल सर्व्हरवर मोठी गर्दी पाठवणंही त्यांच्या धोरणात बसत नाही. साइटला खूप वाचक असतील तर टाइलची वेगळी सेवा घ्या.

मेन्यूवर नकाशा चढतो. मोबाइलचा मेन्यू उघडला आणि त्यातून झूमची अधिक-उणे बटणं डोकावली, तर नकाशाच्या डिव्हला आयसोलेशन आयसोलेट द्या.

थीमची ढवळाढवळ. काही थीम प्रत्येक चित्राला गोल कोपरे किंवा सावली देतात. टाइल हीसुद्धा चित्रंच, त्यामुळे नकाशावर जाळी उमटते. लीफलेटच्या डिव्हमधल्या चित्रांसाठी तो नियम रद्द करा.

## ९. पाठवण्याआधी तपासा

डेव्हलपर टूल्समधल्या मोबाइल दृश्यात रुंदी ३२० पासून हळूहळू वाढवत बाराशेपर्यंत न्या. आडवी स्क्रोलपट्टी कुठे येते का, साल्हेर आणि सिंधुदुर्ग दोन्ही टोकं दिसत राहतात का, ते बघा. मग खऱ्या फोनवर:

- फोन आडवा-उभा करा. आडव्यात ३२० ची मिन-हाइट पडद्यापेक्षा मोठी होऊ शकते. तशी झाली तर कमी उंचीच्या पडद्यासाठी ती २२० करा.
- नकाशा ज्या टॅबमध्ये आहे तो बंद ठेवून पान उघडा, आणि मग टॅब उघडा.
- फोनचं अक्षर सर्वांत मोठं करून बघा. आपल्या घरातले ज्येष्ठ असंच वापरतात.
- डेटा बंद करून पान उघडा. टाइल आल्या नाहीत तरी किल्ल्यांची यादी वाचता आली पाहिजे.
- व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच लिंक पाठवून तिथून उघडा. बरेच लोक तुमच्या पानावर याच वाटेने येणार आहेत.

छपाईचंही एकदा बघून घ्या. ट्रेकला निघताना पान छापून नेणारे अजून आहेत. कागदावर टाइल अर्धवट येण्याची शक्यता फार, म्हणून प्रिंटसाठीच्या सीएसएसमध्ये हलता नकाशा लपवा आणि त्याच जागी आधी काढून ठेवलेलं स्थिर चित्र व किल्ल्यांच्या अक्षांश-रेखांशांचा तक्ता दाखवा.